फळ्यावरचा आजचा प्रश्न

परिपाठाला ‘आजचा दिनविशेष’ ऐकत मोठी झालेली आपण माणसं. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाले की एखादा मुलगा एका दमात म्हणून टाकायचा, आज अमक्यांची जयंती, तमक्यांची पुण्यतिथी. वाचणाऱ्याचं लक्ष नसे आणि ऐकणाऱ्याचंही. कराड भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागल्यावर मी त्या दिनविशेषाचा प्रश्न करून टाकला. दारातल्या फळ्यावर पूर्वी ‘नवीन दाखल पुस्तके’ लिहिलेलं असे. आता रोज सकाळी तिथे एक प्रश्न असतो, त्या तारखेला घडलेल्या एखाद्या गोष्टीवर. उत्तर दुसऱ्या दिवशी. बक्षीस काही नाही. पेपर वाचायला येणारे पेन्शनर, वरच्या अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची मुलं, दुपारी कादंबरी बदलायला येणाऱ्या बायका आणि शाळा सुटल्यावर दंगा करत येणारी पोरं, असे चार तऱ्हांचे वाचक त्या फळ्यापुढे थांबतात किंवा थांबत नाहीत. ते कधी थांबतात हे हळूहळू कळत गेलं. त्यातलं काही इथे लिहिते.

१. उत्तर म्हणजे नुसती तारीख असेल, तर प्रश्न पुसून टाकावा

तारीख फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहिलेली असते. तीच पुन्हा काय विचारायची? १६ एप्रिलला ‘बोरीबंदर ते ठाणे रेल्वे कोणत्या साली सुरू झाली?’ असं लिहिलं तर अभ्यासिकेतलं पोरगं जिना उतरता उतरता ‘१८५३’ म्हणतं आणि चहाला निघून जातं. त्याऐवजी मी लिहिलं, ‘त्या गाडीला इंजिनं किती होती आणि त्यांची नावं काय?’ इंजिनं तीन, साहिब, सिंध आणि सुलतान. डबे १४, पाहुणे सुमारे ४००, वाट ३४ किलोमीटरची, आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला २१ तोफांची सलामी.

रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्या दिवशी फळ्यापुढून हलेनात. चौदा डब्यांना तीन इंजिनं कशाला, यावर ते चढ, वजन, वाफेचा दाब असं बराच वेळ बोलत राहिले. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, पण त्यांच्याभोवती पाच-सहा माणसं जमली होती आणि त्यात जिन्यावरून उतरलेलं ते पोरगंही होतं. चहा राहिला बाजूला.

२. ‘पहिला’ हा शब्द आला की खडू खाली ठेवावा

दिनविशेषातले निम्मे वाद या एका शब्दाने लावलेले आहेत. वरचंच घ्या. ‘भारतातली पहिली रेल्वे’ असं लिहिलं की कुणीतरी जाणकार येतो आणि सांगतो, मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहण्यासाठी रूळ टाकलेले होते, आणि रुडकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये वाफेचं इंजिन माती ओढत होतं. म्हणून ‘पहिली प्रवासी गाडी’ म्हणायचं. तो एक ‘प्रवासी’ शब्द गाळला की पुढचे चार दिवस खुलासे करण्यात जातात.

३ मे हा तसाच दिवस. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. निमंत्रितांसाठी त्याचा खेळ त्याआधी २१ एप्रिललाच ऑलिम्पिया थिएटरात झाला होता, म्हणजे ‘पहिल्यांदा दाखवला’ म्हणावं तरी पंचाईत. आणि त्याच कोरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ लागून गेलेला. ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती, म्हणून मान फाळक्यांकडे राहिला. मला विचाराल तर तो त्यांच्याकडेच राहावा. लेखन-दिग्दर्शनापासून बायकोने रात्र रात्र जागून फिल्मला भोकं पाडण्यापर्यंत त्या घराने केलेले कष्ट वेगळेच. पण तोरण्यांचं नाव फळ्यावर यायला हवं होतं. मी प्रश्न असा घातला: ‘फाळक्यांच्या आधी वर्षभर गिरगावात कोणता चित्रपट लागला होता, आणि त्याला पहिला का म्हणत नाहीत?’ या ‘का’ला दिवसभरात जी उत्तरं आली त्यांतली दोन-तीन चित्रपटाच्या अभ्यासकाने द्यावीत अशी होती.

३. तारखेला तिचं कॅलेंडर विचारावं

सगळ्यांत जास्त वेळ यात जातो आणि सगळ्यांत जास्त भांडणंही यावरूनच होतात.

६ जून १६७४, शिवराज्याभिषेक. शाळेच्या पुस्तकापासून रायगडाच्या पायथ्यापर्यंत ही तारीख सगळीकडे आहे. पण गडावरच्या माणसांच्या हिशेबी तो दिवस होता आनंदनाम संवत्सर, शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. ६ जून होता तो सोहळ्याला आलेल्या इंग्रजांच्या वकिलापुरता, हेन्री ऑक्झेंडेनपुरता. इंग्रज तेव्हा जुनं जूलियन कॅलेंडर वापरत. पोर्तुगीजांनी मात्र नवं ग्रेगोरियन कॅलेंडर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच धरलं होतं, त्यामुळे त्याच दिवशी गोव्यात १६ जून होता. एकच दिवस, एकच कोकणपट्टी, आणि तारखा तीन. रायगडावर आज तिथीनेही सोहळा होतो आणि तारखेनेही. बाहेरून आलेल्याला ते गोंधळाचं वाटतं. मला ते अगदी रीतसर वाटतं.

शिवजयंतीच्या दिवशी हेच सांगायला छाती लागते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या तिथीवरून आलेली. ती तिथी जेधे शकावलीत आहे आणि ती शकावली लोकमान्यांनी १९१६ मध्ये उजेडात आणली. त्याआधी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ मानत. आता, १९ फेब्रुवारी ही जूलियन तारीख. मी एका वर्षी फळ्यावर लिहिलं, ‘१९ फेब्रुवारी १६३० या दिवशी गोव्यात कोणती तारीख होती?’ उत्तर १ मार्च. दहा दिवस पुढे मोजा, त्या वर्षी फेब्रुवारी अठ्ठावीसचा होता.

दुपारी गळ्यात भगवा शेला घातलेला एक तरुण आत आला.

“मॅडम, महाराजांच्या तारखेत खोट काढताय का?”

“खोट कशी असेल? तिथी पक्की आहे. तिचं इंग्रजी भाषांतर कोणत्या कॅलेंडरात केलं, एवढंच विचारलंय.”

“मग आम्ही मिरवणूक चुकीच्या दिवशी काढतो म्हणा की.”

“नाही म्हणत. मिरवणूक लोकांनी ठरवलेल्या दिवशी निघते. तुम्ही ही जंत्री बघा.”

तो बसला. जंत्री म्हणजे जुन्या तिथी आणि इंग्रजी तारखा शेजारी-शेजारी मांडलेलं पुस्तक, इतिहास संशोधकांचं रोजचं हत्यार. मिरवणुकीला उशीर होईपर्यंत तो त्यात आपल्या आजोबांच्या जन्माची तिथी शोधत होता. पुढे तो सभासद झाला, पण वर्गणी कायम थकलेली.

याच धड्यातले दोन प्रश्न माझे आवडते. १५ ऑक्टोबरला: ‘स्पेनमधली संत तेरेसा १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या रात्री वारली. दुसऱ्या दिवशी तारीख कोणती होती?’ १५ ऑक्टोबर. मधले दहा दिवस पोपने कॅलेंडरातून काढूनच टाकले होते. आणि २३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनाला: ‘शेक्सपियर आणि सर्व्हान्टिस या दोघांच्याही मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ अशी लिहितात. मग त्यांच्या मृत्यूत दहा दिवसांचं अंतर कसं?’ इंग्लंडने कॅलेंडर बदललं ते थेट १७५२ मध्ये. तोवर दोन माणसं एका तारखेला जाऊ शकत होती, एका दिवशी नाही.

४. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट एकदा आकाशाकडे बघून तपासावी

१४ जानेवारी १७६१, पानिपत. ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’ असं आपण सर्रास म्हणतो. संक्रांत कोसळली हा वाक्प्रचार इतका नेमका बसतो की शंका घ्यायलाही कुणी धजत नाही. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ती बरोबर आहे आणि तारीखही बरोबर आहे. गडबड संक्रांतीची आहे.

संक्रांत ही तिथीवर चालत नाही, सूर्यावर चालते. सूर्य मकर राशीत जातो तो क्षण इंग्रजी तारखेच्या मानाने साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. म्हणून हल्ली काही वर्षी आपण १५ जानेवारीला तिळगूळ वाटतो. मागे जाल तशी ती अलीकडे येते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती, हे त्यांच्या चरित्रांत आहेच. मग त्याच्याही शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी असेल? भाऊसाहेब रणांगणात उतरले तोवर संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते.

मी प्रश्न दोन भागांत घातला. १२ जानेवारीला विवेकानंदांचा, १४ ला पानिपताचा. बारा तारखेच्या उत्तरात चौदाच्या प्रश्नाची किल्ली. अभ्यासिकेतल्या एका मुलीने दोन्ही जोडून, गणित मांडून कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. ते ऐकून पेन्शनर मंडळींपैकी एक जण चांगलेच खट्टू झाले. “आता आम्ही म्हणायचं तरी काय? पानिपतावर संक्रांतीनंतरची किंक्रांत आली?” किंक्रांतीलाही दोन दिवस उलटून गेले होते, पण मी गप्प बसले.

५. एका तारखेवर दोन पाट मांडता आले तर जरूर मांडावेत

१ ऑगस्ट १९२०. मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे जन्मले, ज्यांना आपण अण्णाभाऊ म्हणतो. वाटेगाव आमच्यापासून फार लांब नाही. तरी गावात एकाच तारखेला दोन स्वतंत्र कार्यक्रम होतात, दोन फोटो, दोन हार, आणि श्रोतेही वेगवेगळे. मी लिहिलं, ‘आजच्या दिवशी, एकाच साली, मुंबईत कोण गेलं आणि वाटेगावात कोण आलं?’ आश्चर्य वाटावं इतक्या लोकांना यातलं एकच अर्धं माहीत होतं. कुणाला कुठलं अर्धं, ते सांगायला नको.

१४ एप्रिलचंही तसंच. बाबासाहेबांचा जन्म सगळ्यांना ठाऊक असतो, असायलाच हवा. पण १९४४ मध्ये याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. पोटात दारूगोळा, त्यावर कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटाही. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह का पाळतात, हा प्रश्न जयंतीच्या प्रश्नाखाली लिहिला. एका कार्यकर्त्याने जयंतीच्या दिवशी दुसरं काही कशाला म्हणून नाराजी दाखवली, त्याच्याच भावाने त्याला समजावलं. भाऊ नगरपालिकेच्या बंबावर होता.

६. घड्याळही विचारावं

हे थोडक्यात. माणूस चंद्रावर उतरला तो २० जुलै १९६९ ला, अमेरिकेच्या घड्याळाने. आपल्याकडे तेव्हा २१ जुलैची मध्यरात्र उलटली होती आणि आर्मस्ट्राँगने पाय ठेवला तेव्हा सकाळचे साधारण साडेआठ झाले होते. शाळेला निघायची वेळ. ‘आपल्याकडे तेव्हा किती वाजले होते?’ हा प्रश्न सातवी-आठवीच्या पोरांना फार आवडतो, आणि त्या निमित्ताने ती भूगोलाच्या पुस्तकातलं रेखावृत्त उघडतात.

७. दुःखाच्या तारखेला आकडे विचारू नयेत

आमच्या भागात ११ डिसेंबर म्हणजे कोयनेचा भूकंप. १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. इथे माणसं वयसुद्धा त्याच्यावरून सांगतात, भूकंपाच्या आदल्या वर्षीचा, भूकंपानंतर दोन वर्षांनी. कुठल्याशा परीक्षेच्या पुस्तकात ‘कोयना भूकंपात किती लोक मृत्युमुखी पडले?’ असा प्रश्न चार पर्यायांसकट छापलेला बघितला आणि तो कुणी लिहिला असेल, त्याचं गाव कुठलं असेल, असं मनात आलं. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याने फळ्यापुढे उभं राहून अ, ब, क, ड करायचं?

मी लिहिलं, ‘पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तुम्ही कुठे होता? जन्म झाला नसेल तर घरी विचारून या.’

त्या दिवशी कादंबरी बदलायला आलेल्या एक बाई पुस्तक न घेताच बोलत बसल्या. लहानपण कोयनानगरच्या कॉलनीत गेलेलं. भिंत आतल्या बाजूला पडली की बाहेरच्या, यावर कोण वाचलं ते ठरलं, असं त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस घर उभं असूनही सगळे अंगणात, डिसेंबरच्या थंडीत, गोणपाटाच्या आडोशाला झोपत. धाकटा भाऊ कित्येक वर्षं पितळेची भांडी वाजली तरी दचकून दाराकडे पळायचा. हे त्यांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही, पण कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मग अभ्यासाचा प्रश्न घातला. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, ही समजूत कशाने मोडली? धरणाच्या पाण्याने भूकंप होऊ शकतो याचं जगभरात दिलं जाणारं उदाहरण आमच्या उशाला आहे, आणि त्याच्याच अभ्यासासाठी केंद्र सरकारची भूकवचात खोल भोक पाडणारी प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला उभी आहे. हे कितीजणांना माहीत होतं? बसमधून रोज तिच्यावरून जाणाऱ्यांनाही नाही.

आकडा अजिबात नको असंही नव्हे. २६ जुलैला मी आकडाच विचारते. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मग कुलाब्याला किती? जेमतेम ७३. एकाच शहराच्या दोन टोकांना. या आकड्याने काहीतरी उलगडतं, मोजदाद करून तो थांबत नाही.

८. पर्याय देऊ नयेत

“ऑप्शन टाका की मॅडम.” अभ्यासिकेतल्या मुलांची कायमची मागणी. एकदाच ऐकली. चार पर्याय दिसले की मुलं प्रश्न वाचायचं सोडून पर्याय हेरायला लागतात, वरचे दोन सारखे दिसतात म्हणजे त्यांतलंच एक, असं. परीक्षेत ते चालतं. पेन्शनरांना पर्याय म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो, ते वेगळंच.

९. ज्याला तारीख नाही, त्याच्यासाठी एक दिवस राखून ठेवावा

दिनविशेषाचं जाळं एका दिवसात घडलेल्या गोष्टीच पकडतं. जन्म, मृत्यू, लढाई, स्फोट, करार, उद्घाटन. हळूहळू झालेलं सगळं त्यातून निसटतं, आणि आमच्यासारख्या भागात माणसांची आयुष्यं उलटीपालटी केली ती बहुतेक अशाच निसटणाऱ्या गोष्टींनी.

बहात्तरच्या दुष्काळाची तारीख सांगा. पाऊस न पडल्याची तारीख कशी सांगणार? पण माण-खटावकडून इकडे आलेल्या कुणाही वयस्कर माणसाला विचारा, तो मिलोच्या तांबड्या ज्वारीची भाकरी कशी लागायची ते सांगेल. खडी फोडायला गेलेल्या बायकांची पोरं सुकडीवर कशी वाढली ते सांगेल. त्या कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कॅलेंडरात बसतं ते एवढंच शेवटचं टोक. मी २६ जानेवारीच्या प्रश्नात झेंड्याबरोबर रोजगार हमी आणते ती या चोरवाटेने.

गिरणी संपाचं त्याहून विचित्र. सुरुवातीची तारीख पक्की आहे, १८ जानेवारी १९८२. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. संप संपल्याची तारीख? नाही. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. सातारा, सांगली, कोकण इथल्या गावागावांतून लालबाग-परळला गेलेली माणसं हळूहळू परत आली, कुणी त्याच वर्षी, कुणी पाच वर्षांनी, कुणी आलीच नाहीत. म्हणून दर १८ जानेवारीला प्रश्न तोच असतो, मी तो बदलत नाही: ‘गिरणी संप कधी संपला?’

एमपीएससीची नवीन बॅच दरवर्षी त्यावर पैज लावते. गुगल करून येतात, कुणी ८३ म्हणतं, कुणी दीड वर्ष धरून महिना काढतं. पेपराच्या टेबलाशी बसणारे एक आजोबा मुंबईत खटाव मिलमध्ये साच्यावर होते. ते पोरांचं सगळं बोलणं ऐकून घेतात, आणि मग पेपराची घडी घालत म्हणतात, “माझा अजून चालूच हाय.”

अशा गोष्टींसाठी मी वर्षातले काही दिवस मोकळे ठेवते. कुणाची जयंती नाही, कुठली लढाई नाही, असे दिवस शोधले की सापडतात. त्या दिवशी फळ्यावर तारखेपुढे घटना नसते, नुसता प्रश्न असतो. गावात पहिल्यांदा वीज आली तेव्हा तुमच्या घरी दिवा कुठे लागला? कोणत्या साली तुमच्या वाडीतून शेवटचं कुटुंब मुंबईला गेलं? दिनविशेषाच्या नियमात हे बसत नाही, एका सभासदाने तसं लेखी कळवलंही. नियम कुणी केला ते त्यांनी कळवलं नाही.

१०. उत्तर कपाटापर्यंत न्यावं

दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिताना शेवटी पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक असतो. माझं म्हणणं सोपं आहे: मी सांगते म्हणून खरं मानू नका, संदर्भ विभागात जा. तिथे विश्वकोशाचे खंड आहेत, ज्याचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी शेजारच्या वाईत बसून उभं केलं. महादेवशास्त्र्यांचा संस्कृतिकोश आहे, केतकरांचा ज्ञानकोश आहे. कोश घरी न्यायला मिळत नाहीत, इथेच बसून वाचायचे. एखाद्या प्रश्नासाठी म्हणून खंड उघडलेला माणूस शेजारची नोंद वाचतो, मग तिच्या शेजारची. संध्याकाळी दिवे मालवताना टेबलावर उघडे पडलेले खंड गोळा करायला लागले की शिपाई कुरकुरतो. मला मात्र आजचा प्रश्न बरा होता की वाईट, याचा अंदाज तेवढ्यावरूनच येतो.

११. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेचा प्रश्न तब्येतीत काढावा

२९ फेब्रुवारी. मोरारजी देसाई १८९६ साली या दिवशी जन्मले आणि १० एप्रिल १९९५ ला, शंभरीला वर्षभर कमी असताना गेले. प्रश्न: ‘मोरारजींच्या आयुष्यात २९ फेब्रुवारीला वाढदिवस किती आले?’

अभ्यासिकेने एकमुखाने सांगितलं, २४. चाराने भाग दिला आणि मोकळे झाले. पण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच लीप धरतात. म्हणजे मोरारजींचा पहिला खरा वाढदिवस आला तो आठव्या वर्षी, १९०४ मध्ये, आणि एकूण झाले २३. मुलांनी कपाळाला हात लावला. एकाने तर कॅल्क्युलेटर काढून पुन्हा मोजलं.

एवढ्यात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले एक जुने कार्यकर्ते काठी टेकत फळ्यापाशी आले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजीच होते. त्यांनी प्रश्न वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“मोरारजींचे वाढदिवस मी मोजू? बाई, पुसा ते. नाहीतर खाली गोळ्या किती झाडल्या तेही विचारा.”

मी पुसलं नाही. पण एकवीस नोव्हेंबरला प्रश्न त्यांनीच घालायचा, असं तिथल्या तिथे ठरलं. खडू मी देणार, अक्षर त्यांचं. त्यांनी लगेच दोन अटी घातल्या: फळा आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलेला हवा, आणि पर्याय नकोत.